कुंपण कोणी मोडले?

व्हिएतनामचे उदाहरण आपल्याकडे हल्ली एका ठरावीक कामासाठी वापरले जाते. एखादा महामार्ग भूसंपादनात अडकला, एखादा कारखाना येता येता दुसरीकडे वळला किंवा मोबाइलच्या निर्यातीचे आकडे छापून आले, की कोणीतरी हमखास म्हणतो की तिकडे बघा, एकच पक्ष, एकच निर्णय आणि काम फत्ते; आपल्याकडे लोकशाहीच जरा जास्त झाली आहे. जेमतेम दहा कोटी लोकसंख्येच्या या देशाने २०२४ साली ४०० अब्ज डॉलरहून अधिक किमतीचा माल निर्यात केला, म्हणजे जवळजवळ सबंध भारताच्या मालनिर्यातीइतका, ही गोष्ट खरी आहे. १९९३ साली तिथली ५८ टक्के जनता दारिद्र्यरेषेखाली होती आणि २००२ साली ते प्रमाण २९ टक्क्यांवर आले होते, हेही खरे आहे. मात्र या यशाचे श्रेय ज्या कारणाला दिले जाते, ते कारण त्या देशाच्या इतिहासाशी ताडून पाहिले तर टिकत नाही. व्हिएतनाममध्ये बाजार कम्युनिस्ट पक्षाने आणला नाही. तो पक्षाच्या नाकासमोर, पक्षाच्याच काही माणसांच्या आडोशाने आधीच भरलेला होता आणि त्याला मान्यता देण्यास पक्षाला वीस वर्षांहून अधिक काळ लागला.

या वीस वर्षांची सुरुवात १९६६ सालापासून धरावी लागते. हनोईच्या वायव्येला व्हिन फुक नावाचा प्रांत होता आणि किम न्गोक हे तिथल्या पक्षशाखेचे चिटणीस होते. उत्तर व्हिएतनाममध्ये तोवर जवळजवळ सर्व शेती सामुदायिक झालेली होती. सकाळी घंटा झाली की शेतावर जायचे, गटप्रमुखाने नेमून दिलेले काम करायचे, त्या कामाचे गुण वहीत मांडून घ्यायचे आणि हंगामाच्या अखेरीस सरकारची सक्तीची खरेदी, कर व संस्थेचे खर्च वजा जाता जे धान्य उरेल ते गुणांच्या प्रमाणात वाटून घ्यायचे, अशी ही व्यवस्था होती. कागदावर ती न्याय्य वाटते. परंतु गुण कामाच्या दिवसांना मिळत, पिकाला मिळत नसत. त्यामुळे प्रत्येकाचे लक्ष वहीतले गुण वाढवण्याकडे राही, आणि गुण वाढूनही धान्य तेवढेच राहिले की दर गुणामागे मिळणारा वाटा घटत जाई. एका परीने ती चलनवाढच होती, फक्त नोटांऐवजी गुणांची. संस्थेच्या जमिनीपैकी पाच टक्क्यांच्या आसपास जमीन कुटुंबांना परसबागेसाठी दिलेली असे. त्या तुकड्यावर भाजी, डुकरे, कोंबड्या यांची निगा डोळ्यांत तेल घालून राखली जाई आणि घरखर्चाचा मोठा भार तो तुकडाच उचलत असे. एकच माणूस बांधाच्या अलीकडे आळशी आणि पलीकडे कष्टाळू कसा होतो, हे पाहण्यासाठी अर्थशास्त्राच्या पदवीची आवश्यकता नव्हती.

किम न्गोक यांनी सप्टेंबर १९६६ मध्ये प्रांताच्या पातळीवर ठराव करून घेतला आणि शेतीची कामे, काही ठिकाणी तर जमीनच, कुटुंबांना कराराने देण्यास सुरुवात केली. योगायोगाने त्या ठरावाचा क्रमांक ६८ होता. हा आकडा पुढे पुन्हा येणार आहे. अमेरिकेचे बॉम्बहल्ले चालू असतानाही प्रांतातल्या अनेक संस्थांत उत्पादन वाढले. १९६८ साली पक्षाचे ज्येष्ठ सिद्धान्तकार त्रुओंग चिन यांनी या प्रयोगावर जाहीर टीका केली. हा खासगी शेतीकडे परतण्याचा मार्ग आहे, असा त्यांचा आक्षेप होता. किम न्गोक यांना आत्मटीका लिहून द्यावी लागली आणि करार रद्द झाले. त्यांना ना तुरुंगात धाडले गेले ना पदावरून काढले गेले, ही बाब व्हिएतनामी पक्षाच्या बाजूने नोंदवली पाहिजे, कारण त्याच काळात शेजारच्या चीनमध्ये अशा माणसाचे काय झाले असते हे सांगायला नको. १९७९ साली ते वारले, तेव्हा त्यांची कल्पना अधिकृतपणे चूकच होती.

१९७५ साली सायगॉन पडले, पुढच्या वर्षी देश एकत्र झाला आणि विजयाच्या भरात १९७६ ते १९८० ची पंचवार्षिक योजना आखली गेली. १९८० पर्यंत २ कोटी १० लाख टन अन्नधान्य पिकवायचे, असे तिचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात १९८० साली सुमारे १ कोटी ४४ लाख टन पिकले. मार्च १९७८ मध्ये दक्षिणेतला खासगी व्यापार एका फटक्यात बंद करण्यात आला, ज्याचा सर्वांत मोठा घाव सायगॉनच्या चोलोन भागातल्या चिनी वंशाच्या व्यापाऱ्यांवर बसला आणि त्यांतले असंख्य लोक पुढे होड्यांतून देश सोडून गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस व्हिएतनामी सैन्य कंबोडियात शिरले, १९७९ च्या फेब्रुवारीत चीनने उत्तर सीमेवर हल्ला केला आणि सोव्हिएत गटाबाहेरची मदत जवळजवळ आटली. पक्षाचे समर्थक या काळातल्या हलाखीचे खापर युद्धावर आणि अमेरिकी निर्बंधांवर फोडतात, आणि त्यात पुष्कळ तथ्य आहे. तीस वर्षे ज्या भूमीवर लढाई झाली तिथे सुबत्ता कोठून येणार?

तरीही एक प्रश्न उरतोच. सायगॉन, म्हणजे तेव्हाचे नवे हो चि मिन्ह शहर, मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशाच्या उशाशी वसलेले आहे. हा प्रदेश आशियातल्या सर्वांत समृद्ध भातशेतीच्या प्रदेशांपैकी एक. तिथून शहरात तांदूळ यायला ना अमेरिकेची परवानगी लागत होती ना चीनची. असे असूनही १९७८-७९ मध्ये त्या शहरातली माणसे भातात 'बो बो' नावाने ओळखले जाणारे भरड धान्य आणि कसाव्याचे तुकडे मिसळून खात होती. कारण अगदी साधे होते. सरकार शेतकऱ्याला तांदळाला किलोमागे जेमतेम अर्धा डोंग (डोंग हे तिथले चलन) देऊ करत होते आणि बाजारात त्याची किंमत पाचपटीच्या घरात होती. शेतकऱ्याने तो विकला नाही. खाल्ला, डुकरांना घातला, दारू गाळली, लपवून ठेवला, किंवा पुढच्या हंगामात कमी पेरला. रस्तोरस्ती नाके बसवलेले होते आणि शहरात परतणाऱ्या माणसाच्या पिशवीतला दोन-चार किलोंचा तांदूळही जप्त होत असे. शहरी माणसाचे सारे अस्तित्व रेशनच्या वहीशी बांधलेले होते. चेहरा पडलेल्या माणसाला 'तांदळाची वही हरवल्यासारखे तोंड' म्हणण्याची पद्धत उत्तर व्हिएतनाममध्ये अजूनही आहे, आणि रेशनच्या रांगेत आपल्या जागी नाव लिहिलेली वीट ठेवून जाण्याची युक्ती तर आपल्याकडे रॉकेलच्या रांगेत डबे ठेवून गेलेल्या पिढीला वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

येथे व्हिएतनामी भाषेतला एक शब्द समजून घेणे आवश्यक आहे. 'फा राओ' म्हणजे कुंपण मोडणे. या काळात ठिकठिकाणी लोकांनी आणि स्थानिक अधिकाऱ्यांनी नियमांचे कुंपण ओलांडून जे व्यवहार सुरू केले, त्यांना तिथे हे नाव पडले आणि पुढे ते इतिहासाच्या पुस्तकांतही स्थिरावले. हो चि मिन्ह शहराच्या पक्षशाखेचे तेव्हाचे चिटणीस व्हो व्हान किएत यांनी शहराच्या अन्नखात्यातल्या बा थी या महिला अधिकाऱ्याला मेकाँगच्या प्रदेशात पाठवले आणि सरकारी भावाने नव्हे, तर बाजारभावाने तांदूळ खरेदी करून आणण्याची जबाबदारी दिली. हे उघड बेकायदा होते. तुरुंगात जावे लागले तर मी डबा घेऊन येईन, असे किएत यांनी त्यांना सांगितल्याची आख्यायिका तिथे आवडीने सांगतात. खरी असो वा नसो, ती त्या काळातल्या जोखमीचा नेमका अंदाज देते. शहरातले लोक आणि खुद्द त्यात गुंतलेली माणसेही गमतीने या मंडळाला तांदळाच्या काळाबाजाराचा अड्डा म्हणत. शेजारच्या लाँग आन प्रांताने त्यापुढे पाऊल टाकले. तिथल्या नेतृत्वाने १९८० च्या सुमारास रेशनच्या बहुतेक चिठ्ठ्याच मोडीत काढल्या, वस्तू बाजारभावाने विकायला सुरुवात केली आणि त्या फरकाची रक्कम नोकरदारांच्या पगारात घातली. उत्तरेत हायफाँगजवळच्या दोआन सा गावात शेतकऱ्यांनी आणि गावातल्या पक्षसदस्यांनी संगनमताने संस्थेची जमीन कुटुंबांना गुपचूप कराराने वाटली. या पद्धतीला लोक 'चोरटा करार' म्हणत. वर कळले, थोडी आरडाओरड झाली, आणि पीक बघून १९८० साली हायफाँगच्या पक्षशाखेने तोच प्रकार ठराव करून अधिकृत केला.

महाराष्ट्रातल्या, विशेषतः विदर्भातल्या, कापूस उत्पादकाला 'फा राओ'चा अर्थ चटकन उमगेल. १९७२ पासून राज्यात कापसाच्या एकाधिकार खरेदीची योजना होती, आणि बाहेर भाव चढा असला की राज्याच्या हद्दीवरचे नाके चुकवून कापसाच्या गाड्या शेजारच्या राज्यांत जात. १९८० साली चाकण आणि नाशिकच्या रस्त्यांवर शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी बसले, तेव्हा त्यांची मागणी मूलतः हीच होती की आमच्या मालाची किंमत सरकारने पाडू नये. एकीकडे रास्ता रोको होता आणि दुसरीकडे चोरटा करार. आपल्या शेतकऱ्याला निदान रस्त्यावर बसता येत होते, एवढा फरक या दोहोंत आहे आणि तो लहान नाही.

या कुंपणमोडीला हनोईने दिलेला प्रतिसाद धरसोडीचा होता. ऑगस्ट १९७९ मध्ये केंद्रीय समितीने उत्पादनाला मोकळीक देण्याचा ठराव केला. जानेवारी १९८१ मध्ये 'निर्देश १००' आला आणि सामुदायिक संस्थांना शेतीतली काही कामे व्यक्तींना व गटांना कराराने देता येऊ लागली. त्याच महिन्यात सरकारी कारखान्यांना ठरलेला कोटा पूर्ण केल्यावर उरलेल्या क्षमतेवर स्वतः कच्चा माल मिळवून स्वतः विक्री करण्याची सवलत मिळाली. पीक वाढले, कारखान्यांची चाके थोडी फिरू लागली, आणि पक्षाला लगेच भीती वाटली की बाजार फारच पसरतो आहे. १९८२ च्या अधिवेशनात सुधारणांच्या बाजूचे नेते न्गुएन व्हान लिन यांना पॉलिटब्युरोतून, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च निर्णयमंडळातून, वगळण्यात आले, दक्षिणेतल्या व्यापाऱ्यांवर पुन्हा बडगा उगारला गेला आणि सामुदायिकीकरणाला नवा जोर आला. ज्यांना एकपक्षीय राजवटीतल्या निर्णयक्षमतेचे कौतुक वाटते त्यांनी ही चार-पाच वर्षे जरूर अभ्यासावीत. एक पाऊल पुढे आणि दोन मागे असा तो प्रवास होता, आणि त्यात विरोधी पक्ष, न्यायालय किंवा वर्तमानपत्र यांतल्या कोणाचाही अडथळा नव्हता.

त्या काळातला एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. जुलै १९८३ मध्ये पक्षाचे काही ज्येष्ठ नेते दालात या थंड हवेच्या ठिकाणी विश्रांतीसाठी गेले होते. त्यांत त्रुओंग चिन होते, पंतप्रधान फाम व्हान डोंग होते. लिन तेव्हा हो चि मिन्ह शहराचे चिटणीस होते. त्यांनी शहरातल्या यशस्वी कारखान्यांच्या संचालकांना तिथे नेऊन नेत्यांसमोर बसवले आणि नियम मोडून कारखाना कसा चालवला हे त्यांच्याच तोंडून ऐकवले. पुढे त्रुओंग चिन स्वतः कारखान्यांत आणि प्रांतांत फिरले, तरुण अर्थतज्ज्ञांचा एक गट त्यांनी जवळ केला आणि हळूहळू त्यांचे मत पालटले. ज्या माणसाने १९६८ साली किम न्गोक यांना धारेवर धरले होते, त्याच माणसाने १९८६ साली, वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर, ले दुआन यांच्या निधनानंतर काही महिने सरचिटणीसपद सांभाळताना पक्षाचा राजकीय अहवाल नव्याने लिहून घेतला आणि त्यात पक्षाच्या चुकांची कबुली दिली. म्हातारपणी मत बदलणे हे धैर्याचे काम आहे आणि त्याबद्दल त्रुओंग चिन यांना मान द्यायलाच हवा. तरीही एका माणसाचे मतपरिवर्तन होईपर्यंत सगळ्या देशाने अठरा वर्षे थांबावे, ही व्यवस्थेची ताकद म्हणायची की तिचे वैगुण्य?

आणि मतपरिवर्तनालाही केवळ कारखान्यांच्या भेटी पुरल्या नाहीत. १९८५ च्या सप्टेंबरमध्ये किमती, पगार आणि चलन एकदम बदलण्याचा प्रयत्न झाला, दहा जुन्या डोंगांना एक नवा डोंग मिळाला, आणि सरकारची तूट मात्र छपाईवरच चालू राहिली. १९८६ साली महागाईचा दर ७०० टक्क्यांच्या वर गेला आणि नंतरची दोन वर्षेही तो शेकड्यांतच होता. डिसेंबर १९८६ च्या सहाव्या अधिवेशनाने 'दोई मोई', म्हणजे नूतनीकरण, ही घोषणा दिली आणि लिन सरचिटणीस झाले. आपल्याकडे ही तारीख सुधारणांचा शुभारंभ म्हणून दिली जाते. प्रत्यक्षात अधिवेशनानंतरही शेतीचा मूळ ढाचा तसाच होता आणि १९८८ च्या सुरुवातीला उत्तरेकडच्या अनेक प्रांतांत लाखो लोकांवर उपासमारीची वेळ आली. त्यानंतर एप्रिल १९८८ मध्ये पॉलिटब्युरोचा 'ठराव १०' आला आणि कुटुंब हे शेतीचे स्वतंत्र घटक मानले गेले. जमीन दीर्घ मुदतीने कुटुंबाकडे, कामाचे निर्णय कुटुंबाचे, ठरलेला वाटा दिल्यावर उरलेले पीक कुटुंबाचे. मार्च १९८९ च्या सुमारास दुहेरी भावांची पद्धत बहुतांशी संपवण्यात आली, बँकांतल्या ठेवींवर महागाईपेक्षा जास्त व्याज देऊ केले गेले आणि डोंगची किंमत बाजाराच्या पातळीवर आणली गेली.

परिणाम थक्क करणारा होता, परंतु तो नीट वाचला पाहिजे. १९८८ साली साडेचार लाख टनांच्या आसपास तांदूळ आयात करणाऱ्या देशाने १९८९ साली सुमारे १४ लाख टन निर्यात केला. एका वर्षात जमीन बदलत नाही, बियाणे बदलत नाही, पाऊसही एवढा बदलत नाही. एकूण धान्योत्पादनात वाढ झाली ती दहा टक्क्यांच्या आसपास. बाकीचा चमत्कार कणग्यांतून बाहेर आला. भाव बरा मिळतो आहे, पैशाची किंमत उद्या निम्मी होणार नाही आणि वाटेत नाका नाही, हे कळल्यावर दडवून ठेवलेले धान्य बाजारात आले. १९८९ साली देशाचे धान्योत्पादन सुमारे २ कोटी १५ लाख टन होते. म्हणजे १९८० साठी आखलेले २ कोटी १० लाख टनांचे उद्दिष्ट सामुदायिक शेतीने कधीच गाठले नाही. ते नऊ वर्षे उशिरा सुट्या कुटुंबांनी गाठून दिले.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. सोव्हिएत संघानेही त्याच काळात सुधारणा केल्या, पक्षाची पकड ढिली केली, आणि देशच फुटला; व्हिएतनामने पकड ढिली केली नाही म्हणून तो तरला, असा हा युक्तिवाद. माझ्या मते येथे कारण आणि योगायोग यांची गल्लत होते. सोव्हिएत अर्थव्यवस्था अवजड उद्योगांची होती, तिथली सामूहिक शेती दोन पिढ्या जुनी होती आणि स्वतःची शेती करण्याची आठवणच कष्टकऱ्यांच्या हातांतून गेलेली होती. व्हिएतनाममध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास श्रमिक शेतीत होते, उत्तरेतले सामुदायिकीकरण जेमतेम एका पिढीचे होते, आणि दक्षिणेत तर १९७५ पर्यंत उघड बाजार होता व मेकाँगच्या प्रदेशातल्या सामुदायिक संस्था बऱ्याच अंशी कागदावरच राहिल्या होत्या. योजनेची मुळे उथळ होती म्हणून ती उपटताना झाड कोसळले नाही. चीनमध्येही हेच दिसते. आन्हुई प्रांतातल्या शाओगांग गावच्या शेतकऱ्यांनी १९७८ साली गुप्त करार करून जमीन वाटून घेतली, तेव्हा तेही कुंपणच मोडत होते. सोव्हिएत मदत १९९१ साली आटली, त्याआधीच व्हिएतनामचा शेतकरी स्वतःच्या पायांवर उभा राहिला होता, हे पक्षाच्या कणखरपणापेक्षा त्याच्या दोन वर्षे आधी आलेल्या शरणागतीचे फळ आहे.

दुसरा आक्षेप डावीकडून येतो. 'आमार नाम, तोमार नाम, व्हिएतनाम' या घोषणेवर वाढलेल्या कित्येकांना दोई मोई हा क्रांतीचा विश्वासघात वाटतो. त्यांच्या म्हणण्यात एक फार मोलाचा मुद्दा दडलेला आहे, आणि बाजाराचे पुरस्कर्ते तो सहसा गिळून टाकतात. १९८८ नंतर उत्तरेत जमीन कुटुंबांना वाटली गेली तेव्हा ती बरीचशी समान वाटली गेली, माणशी मोजून, चांगल्या-वाईट पोतानुसार तुकडे पाडून. कारण मधले जमीनदार आधीच नाहीसे झालेले होते. १९८९ च्या जनगणनेत व्हिएतनामची साक्षरता ८५ टक्क्यांच्या वर होती. १९९१ साली भारताची ५२ टक्के होती. हातात जमीन आणि डोळ्यांना अक्षर असलेली कुटुंबे बाजारात उतरली म्हणून दारिद्र्य इतक्या वेगाने घटले. एकाच वेळी भूमिहीन आणि निरक्षर असलेल्या समाजात नुसते भाव मोकळे केल्याने तसे झाले नसते. या पायाभरणीचे श्रेय क्रांतीला द्यायलाच हवे; फक्त १९५३ ते १९५६ च्या जमीन सुधारणेत हजारो माणसांचे बळी गेले, खुद्द पक्षाने तेव्हाच चूक कबूल केली आणि त्या पायी त्रुओंग चिन यांनाच सरचिटणीसपद सोडावे लागले होते, हेही त्याच श्वासात सांगितले पाहिजे.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. कुंपण मोडून जी सुधारणा होते तिच्यात एक उपजत दोष राहतो. नियम आहेत तसेच राहतात, मोडणाऱ्याकडे काणाडोळा केला जातो, आणि कोणाकडे काणाडोळा करायचा हे ठरवणारा अधिकारी त्या व्यवहारातला सर्वांत महत्त्वाचा माणूस बनतो. १९८० साली बा थी यांच्यामागे किएत उभे होते म्हणून लोकांना तांदूळ मिळाला. १९९० नंतर, बाजार अधिकृत झाल्यावरही, जमीन, परवाना आणि कर्ज मिळवण्यासाठी मागे कोणीतरी उभे असावे लागते ही सवय मात्र तशीच राहिली, फक्त आता त्यातून तांदळाऐवजी मजले उगवू लागले. मराठीत यासाठी नेमकी म्हण आहे: कुंपणच शेत खाते. जहाजबांधणी करणारा विनाशिन हा सरकारी उद्योगसमूह २०१० साली चार अब्ज डॉलरहून अधिक कर्जाखाली कोसळायला आला. २०२४ साली सायगॉन कमर्शियल बँकेतल्या प्रचंड घोटाळ्यात एका बड्या बांधकाम उद्योजिकेला देहदंड सुनावण्यात आला, आणि त्या बँकेवर लक्ष ठेवणारे सरकारी निरीक्षकही त्या खटल्यात आरोपी होते. पक्षाचे तेव्हाचे सरचिटणीस न्गुएन फू त्राँग यांनी 'धगधगती भट्टी' या नावाने चालवलेल्या भ्रष्टाचारविरोधी मोहिमेत मंत्री, राष्ट्राध्यक्ष यांच्यापर्यंत खुर्च्या हलल्या, पण भट्टीची आच लागलेले अधिकारी कोणत्याही कागदावर सही करायलाच घाबरू लागले. ज्या व्यवस्थेची गती सहीच्या धाडसावर अवलंबून होती तिची गती त्यामुळे मंदावली, यात नवल नाही.

निर्यातीचा ४०० अब्जांचा आकडाही या दृष्टीने पुन्हा पाहावा. त्यातला सत्तर टक्क्यांच्या आसपासचा माल परकी गुंतवणुकीच्या कंपन्यांचा आहे. बाक निन आणि थाय न्गुएन इथले सॅमसंगचे कारखाने हे त्याचे ठळक उदाहरण. परकी कंपनी येताना करार, वकील आणि आपल्या देशाचा राजदूत बरोबर घेऊन येते. हायफाँगच्या किंवा दालातच्या छोट्या उद्योजकाजवळ यांतले काही नसते, त्यामुळे तो छोटाच राहतो. मे २०२५ मध्ये पॉलिटब्युरोने खासगी क्षेत्र हे अर्थव्यवस्थेचे सर्वांत महत्त्वाचे चालकबळ असल्याचा ठराव केला. या ठरावाचा क्रमांकही ६८ आहे. व्हिन फुकच्या ठरावापासून या ठरावापर्यंत जवळजवळ ५९ वर्षे लोटली.

बोलण्याच्या स्वातंत्र्याचे कुंपण तर मोडूच दिले गेले नाही. १९९० साली पॉलिटब्युरोचे सदस्य त्रान सुआन बाक यांनी अर्थव्यवस्थेबरोबर राजकारणातही बहुविधता हवी असे सुचवले आणि त्यांना पदावरून काढण्यात आले. पक्षाच्या छत्राखालच्या एकमेव कामगार महासंघाला टाळून हजारो कामगारांनी गेल्या तीन दशकांत उत्स्फूर्त संप केले, ज्यांतले जवळजवळ सगळेच कायद्याच्या चौकटीबाहेरचे होते. म्हणजे कुंपण मोडणे तिथे अजून संपलेले नाही, फक्त ते आता कारखान्यांच्या फाटकांशी चालते.

आपल्याकडे व्हिएतनामचे उदाहरण देणाऱ्यांनी या प्रकरणातून काही घ्यायचेच असेल तर ते हनोईच्या शिस्तीतून न घेता लाँग आन आणि हायफाँगच्या बेशिस्तीतून घ्यावे. प्रांतांना चूक करून पाहण्याची मुभा होती आणि ती चूक बरोबर निघाली, तेव्हा ती लपून राहिली नाही, एवढेच त्या राजवटीचे खरे भांडवल होते. भारतात यासाठी आणीबाणीची गरज नाही. जिल्ह्यांना आणि नगरपालिकांना स्वतःचा पैसा व स्वतःचे निर्णय यांची गरज आहे, आणि तिथे आपण, लोकशाही असूनही, व्हिएतनामपेक्षा फार उदार आहोत असे मला दिसत नाही.

जमिनीचा प्रश्न मात्र तिथे अजून सुटलेला नाही. १९९३ च्या जमीन कायद्याने शेतकऱ्याला जमीन वापरण्याचा हक्क विकण्याची, गहाण ठेवण्याची, भाड्याने देण्याची आणि वारशाने देण्याची मुभा दिली. मालकी मात्र 'समस्त जनतेची' आणि तिच्या वतीने सरकारची राहिली, आणि २०२४ साली अमलात आलेल्या नव्या कायद्यातही ती तशीच आहे. जिथे १९८० साली चोरटा करार अधिकृत झाला होता त्याच हायफाँगच्या हद्दीत, तिएन लांग या किनाऱ्यालगतच्या तालुक्यात, एका शेतकऱ्याने खाजणात बांध घालून वर्षानुवर्षे मत्स्यशेती उभी केली होती. मुदत संपल्याचे सांगत जानेवारी २०१२ मध्ये अधिकारी पोलीस आणि सैनिक घेऊन ती जमीन ताब्यात घ्यायला आले, तेव्हा त्याच्या कुटुंबीयांनी घरगुती सुरुंग आणि बंदुकांनी प्रतिकार केला आणि काही पोलीस व सैनिक जखमी झाले. पुढच्याच महिन्यात पंतप्रधानांनी ती जप्ती बेकायदा असल्याचे जाहीर केले. एप्रिल २०१३ मध्ये निकाल लागला. शेतकऱ्याला पाच वर्षांची शिक्षा झाली आणि बेकायदा जप्तीत त्याचे घर पाडण्याच्या गुन्ह्यात तालुक्याच्या उपाध्यक्षाला तीस महिन्यांची.